आंद्रे व्हान ट्रोस्ट: वेग वाया गेला, की माणूस वेळेत बाहेर पडला?

काउंटीप्रेमी:
नव्वदच्या दशकात काउंटी क्रिकेटमध्ये, म्हणजे इंग्लंडमधल्या स्थानिक संघांच्या स्पर्धांत, जे खरोखर भन्नाट वेगाने टाकायचे, त्यांत एक डच होता. आंद्रे व्हान ट्रोस्ट, जन्म १९७२, गाव स्खीडाम. १९९१ ते १९९८ सॉमरसेटकडून खेळला. १९९५ च्या दौऱ्यात वेस्ट इंडीजच्या जिमी अ‍ॅडम्सच्या गालाचं हाड त्याच्याच चेंडूने मोडलं. पंचविशीतच काउंटी संपली. पुढे तो लेलीचा सीईओ झाला. गाईंचं दूध काढणारे रोबो बनवणारी मासस्लाउसची ही कंपनी.

माझ्या मते तो योग्य वेळी सुटला. नेदरलँड्सला कसोटी दर्जा नाही. कसोटी खेळायची तर वर्षानुवर्षं इंग्लंडमध्ये राहून तिकडून पात्र व्हायचं. शिवाय तेव्हाचे बहुतेक काउंटी करार एप्रिल ते सप्टेंबरचे, उरलेले सहा महिने आपले आपण बघा. एवढ्या अनिश्चिततेत पाठ आणि गुडघे झिजवत राहणं मला पटत नाही.

आखूडटप्पा:
अजिबात सहमत नाही. त्याचा वेग दैवी होता. नडले ते नो-बॉल आणि वाइड, आणि हा रोग बरा होतो.

पॉपिंग क्रीझ, म्हणजे गोलंदाजाच्या पुढच्या पावलाची रेषा, यष्ट्यांपासून चार फुटांवर. पुढच्या पावलाचा थोडा तरी भाग तिच्या मागे पडायला हवा. बहुतेक ठिकाणी उपाय उलटा करतात: नो-बॉल पडला की रनअप सुरू करायची खूण अर्धा फूट मागे. मग गोलंदाज शेवटची ढांग ताणतो आणि पुन्हा रेषेपुढेच पडतो. खरी पद्धत अशी. यष्ट्या नाहीत, रेषा नाही, मोकळ्या मैदानात पूर्ण रनअप घेऊन दहा चेंडू टाकायला लावा. दर वेळी पुढचं पाऊल पडेल तिथे चुना टाका. सगळ्या खुणा एका वितीत असतील तर फक्त टेपने मोजून सुरुवातीची खूण हलवा, काम झालं. पण खुणा दोन-अडीच फुटांत विखुरल्या असतील तर दोष पहिल्या चार पावलांत आहे. तिथली चूक शेवटपर्यंत वाढत जाते. अशा वेळी उभ्याने सुरुवात, दर वेळी तोच पाय आधी, पहिली चार पावलं आखूड आणि सारखी. वारा पाठीवर असेल तर वेगळी खूण.

मॅटवरचा_पाहुणा:
रनअपचं सगळं मान्य, पण मूळ त्याच्याही आधी आहे. डच क्लब क्रिकेट मुख्यतः मॅटिंगवर, म्हणजे खेळपट्टीवर अंथरलेल्या चटईवर, वाढलं. मॅटवर रबरी तळव्याचे बूट, घट्ट पृष्ठभाग आणि हमखास उसळी. तिथे आखूड टप्प्याचा चेंडूही छातीपर्यंत येतो, म्हणून हात त्याच टप्प्याला सरावतो. मे महिन्यातल्या ओल्या इंग्लिश खेळपट्टीवर तोच चेंडू बसतो आणि आरामात पुल होतो. त्यात स्पाइक्स, आणि पुढच्या पायाखाली खड्डा. फलंदाजाच्या जवळ टप्पा टाकायला मनगट आणि सुटण्याचा क्षण दोन्ही बदलावे लागतात, आणि ते भर मोसमात होत नाही.

गोठा_क्रमांक_दोन:
इथे सीईओपद म्हणजे क्रिकेट सोडल्याचं बक्षीस असल्यासारखं बोललं जातंय. लेलीचं काम म्हणजे काय ते बघा. १९९२ पासून त्यांचा अ‍ॅस्ट्रोनॉट हा दोहन-रोबो गोठ्यांत आहे. एक यंत्र साधारण साठ गाई सांभाळतं. गाय खुराकासाठी आपणहून आत येते, गळ्यातल्या पट्ट्यावरून ओळख पटते, मागच्या दोहनाला पुरेसा वेळ झाला नसेल तर दार उघडून तिला बाहेर सोडतात. मग ब्रशने सड स्वच्छ, लेझरने सडांचा शोध, चार कप एकेक करून, पहिल्या धारा बाजूला. प्रत्येक सडाच्या दुधाची विद्युतवाहकता मोजतात. ती वाढली की कासदाहाची, म्हणजे कासेला सूज आणणाऱ्या आजाराची शंका. बिघडतं कुठे? लेझरची काच मळली, कासेवर केस वाढले, गाय लंगडत असल्याने यंत्राकडे आलीच नाही. रात्री दोनला यंत्र थांबलं तर साठ गाई खोळंबतात, म्हणून हा धंदा मुळात सेवेचा. यात सातत्य लागतं, आणि व्हान ट्रोस्टच्या गोलंदाजीत नेमकं तेच कमी होतं. वेगवान गोलंदाज होता म्हणून सीईओ झाला, हा दुवा मला तरी दिसत नाही.

आखूडटप्पा:
दुव्याचं पटलं. पण टिकून राहण्याचं मोल डच वेगवान गोलंदाज पॉल व्हान मीकेरेनकडे बघून कळतं. २०२० मध्ये तो उबर ईट्सवर जेवण पोचवत होता. तीन वर्षांनी विश्वचषकात धरमशालेत दक्षिण आफ्रिकेच्या मार्करमचा त्रिफळा त्यानेच उडवला आणि डच ३८ धावांनी जिंकले.

काउंटीप्रेमी:
मीकेरेनच्या काळात टी-ट्वेंटी विश्वचषक वरचेवर येतात. १९९८ मध्ये काय होतं? नेदरलँड्सचा एकच विश्वचषक झालेला, १९९६ चा. १९९९ ला पात्रता नाही, पुढचा थेट २००३ ला. तोवर व्हान ट्रोस्ट तीस वर्षांचा.

मॅटवरचा_पाहुणा:
तीस फार नाही. त्याच २००३ च्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेतल्या पार्लला डच गोलंदाज टिम डी लीडने ३५ धावांत चार भारतीय बाद केले, त्यांत तेंडुलकर आणि द्रविड. वय ३५. अर्थात तो मध्यमगती, पाठीवरचा ताण कितीतरी कमी, त्यामुळे व्हान ट्रोस्टच्या वेगाने तिथवर टिकता आलं असतं का, याचं उत्तर यातून मिळत नाही.