मदत हवी आहे: मदतनिधीच्या खेळासाठी सेन्सॉर प्रमाणपत्र लागेल का?

समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ संबंधीच्या, असे संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाच्या वर्धापनदिनी, म्हणजे ६ सप्टेंबरला, एलजीबीटीक्यू समुदायाला पाठिंबा म्हणून पुण्यात आम्ही ५२ मिनिटांच्या एका माहितीपटाचा खेळ ठेवत आहोत. जमणारी रक्कम तृतीयपंथीयांच्या निवाऱ्यासाठी एका नोंदणीकृत न्यासाला जाईल. निर्मात्याची लेखी संमती हाती आहे, त्यामुळे प्रदर्शन-हक्कांचा प्रश्न नाही. नव्वद आसनांचे सभागृहही ठरले होते, परंतु व्यवस्थापकांनी अर्जातल्या ‘सेन्सॉर प्रमाणपत्र क्रमांक’ या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवून अर्ज परत केला. माहितीपट आजवर महोत्सवांतच दाखवला गेल्याने त्याला प्रमाणपत्र नाही, आणि ते मिळवण्याइतका वेळ व पैसा आमच्यापाशी नाही.

तिकीट न लावता दाराशी देणगीपेटी ठेवावी आणि पावती न्यासाने द्यावी, असा पर्याय पुढे आला आहे. निमंत्रितांची यादी सभागृहाला देणे मात्र शक्य नाही, कारण येणाऱ्यांपैकी काहींनी आपल्या ओळखीबद्दल घरी अजून सांगितलेले नाही. ही अट आमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची आहे.

तिकीट नसले तरी असा खेळ सार्वजनिक प्रदर्शनच ठरतो का, आणि ठरत असल्यास महोत्सवांना मिळते तशी प्रमाणपत्रातून सूट एका दिवसाच्या खेळासाठी कोणी मिळवली आहे का, अर्ज किती दिवस आधी केला होता?