मदत हवी आहे: दुसऱ्या मजहबचं मत कधी घेता येतं?

हनफी, मालिकी, शाफई, हंबली या चार सुन्नी मजहबांबद्दल (म्हणजे इस्लामी कायद्याच्या परंपरांबद्दल) वाचतेय आणि एका जागी अडलेय. नवरा बेपत्ता झाला, तर एका जुन्या हनफी मतानुसार त्याच्या वयाची ९० वर्षं भरेपर्यंत बायकोने थांबायचं. केवढा जाच! मालिकी मत चार वर्षांचं. भारतातल्या हनफी उलेमांनी (धर्मपंडितांनी) अखेर तेच उचलून धरलं आणि १९३९च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यातही चार वर्षंच आली.

मग आज विमा, अवयवदान अशा प्रश्नांत सामान्य माणसाला असं दुसऱ्या मजहबचं मत घेता येतं, की ते मुफ्तींनीच (फतवा देणाऱ्या धर्मपंडितांनीच) ठरवायचं? आणि खरी निकड कोणती, नुसती सोय कोणती, हे कसं ठरवतात? जाणकारांनी कृपया एखाद्या उदाहरणासह सांगावं.