मदत हवी आहे : पुणे पदवीधर मतदारसंघाचा १९९० पासूनचा मतदान-इतिहास, तक्त्यातले आकडे जुळत नाहीत

कोरा_तक्ता :
विधान परिषदेच्या पुणे पदवीधर मतदारसंघाचा (पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर) १९९० ते २०२० असा एकत्र तक्ता करतो आहे. स्तंभ असे : वर्ष, विजयी उमेदवार, पक्ष, मते, मताधिक्य, मतदानाची टक्केवारी, जिल्हावार मते. नावं जमवली :

१९९० प्रकाश जावडेकर
१९९६ प्रकाश जावडेकर
२००२ ?
२००८ चंद्रकांत पाटील
२०१४ चंद्रकांत पाटील
२०२० अरुण लाड

अडतंय ते इथे :
१) २००२ ला कोण? एका ठिकाणी 'भाजपने कायम राखला' असं मोघम लिहिलंय.
२) विजयी उमेदवाराच्या मतांचे एकाच वर्षाचे दोन-दोन आकडे मिळतात. कोणता धरायचा?
३) जिल्हावार मते कुठेच सापडत नाहीत.
४) २०१४ नंतर थेट डिसेंबर २०२०? सहा वर्षांचा हिशोब बसत नाही.
५) मतदारसंख्या दर वेळी इतकी वरखाली कशी? टक्केवारीचा आलेख काढला तर काहीच अर्थ लागत नाही.

---

शाईवाला :
२००२ ला जनता दलाचे प्रा. शरद पाटील. त्यामुळे 'पुणे पदवीधर म्हणजे भाजपचा अखंड बालेकिल्ला' हे वाक्य तक्त्यात घालू नका. १९९० ते २०२० मध्ये मधली सहा वर्षं ही जागा भाजपकडे नव्हती.

हा घोळ बहुतेक नागपूरशी गल्लत झाल्याने होतो. अखंड परंपरा होती ती नागपूर पदवीधरची : गंगाधरराव फडणवीस, मग १९८९ पासून २०१४ पर्यंत नितीन गडकरी, मग अनिल सोले. तीही डिसेंबर २०२० ला काँग्रेसच्या अभिजित वंजारींनी तोडली. पुणे आणि नागपूर दोन्ही एकाच दिवशी गेल्यामुळे बातम्यांत दोन्हींना एकच विशेषण चिकटलं.

---

नियम_पंच्याहत्तर :
प्रश्न २ महत्त्वाचा आहे, सविस्तर लिहितो. इथली निवडणूक विधानसभेसारखी 'ज्याला जास्त मते तो विजयी' अशी नसते. पसंतीक्रमाची असते (मतदार नावांपुढे १, २, ३ असे आकडे लिहितो), आणि एक जागा असताना मोजणी निवडणूक संचालन नियम १९६१ मधल्या नियम ७५ प्रमाणे होते. पायऱ्या :

आधी अवैध मतपत्रिका बाजूला. उरलेल्या वैध मतपत्रिकांना दोनने भागायचं, अपूर्णांक सोडायचा, एक मिळवायचा. हा कोटा. पहिल्या पसंतीच्या मोजणीतच कोणी कोटा गाठला तर तिथेच निकाल. नाही गाठला तर सर्वांत कमी मते असलेला उमेदवार बाद, आणि त्याच्या प्रत्येक मतपत्रिकेवरची पुढची पसंती स्पर्धेत उरलेल्यांपैकी ज्याला असेल त्याच्या खात्यात. पुढची पसंतीच दिलेली नसेल तर ती मतपत्रिका बाजूला पडते. असं करत कोणी कोटा गाठेपर्यंत किंवा एकच उमेदवार उरेपर्यंत.

समजा १००० वैध मते. कोटा ५०१.
पहिली मोजणी : क ४२०, ख ३८०, ग १३०, घ ७०.
घ बाद. त्याच्या ७० पैकी क ला १५, ख ला ३०, ग ला ५. २० जणांनी पुढची पसंतीच दिलेली नाही. आता क ४३५, ख ४१०, ग १३५.
ग बाद. १३५ पैकी क ला २५, ख ला ६०, ५० बाजूला. आता क ४६०, ख ४७०.
क सर्वांत खाली, म्हणून क बाद. उरला एकटा ख, तो विजयी.

दोन गोष्टी बघा. पहिल्या पसंतीत ४० मतांनी मागे असलेला निवडून आला. आणि तो ४७० वर निवडून आला, कोटा ५०१ असताना. मतपत्रिका बाजूला पडल्या म्हणून कोटा खाली येत नाही, तो पहिल्या मोजणीला ठरतो तो ठरतो. 'कोटा पूर्ण न करता विजयी' असं वाचलंत तर छापील चूक समजू नका.

एक वर्तमानपत्र ३८० देतं, दुसरं ४७०. दोन्ही खरे. तुम्ही 'मते' असा एकच स्तंभ ठेवलाय, तिथेच गडबड आहे. तीन करा : पहिल्या पसंतीची मते, कोटा, शेवटच्या फेरीची मते. मताधिक्याशेजारी ते कोणत्या फेरीचं हेही लिहा.

---

कोरा_तक्ता :
हे डोक्यात बसलं. मग २०२० ला लाड यांची १,२२,१४५ आणि भाजपच्या संग्राम देशमुख यांची ७३,३२१ ही कोणत्या फेरीची?

---

नियम_पंच्याहत्तर :
पहिल्या पसंतीची. लाड यांनी कोटा तिथेच ओलांडला, म्हणून बाद फेऱ्या झाल्याच नाहीत. ४८,८२४ चं मताधिक्य हे पहिल्या पसंतीचंच. शेवटच्या फेरीच्या रकान्यात 'गरज पडली नाही' असं लिहा, रिकामा सोडू नका. नाहीतर पुढे कोणीतरी 'माहिती उपलब्ध नाही' समजून भरायला बसेल.

२०१४ शी तुलना करताना जपून. तेव्हा चंद्रकांत पाटील राष्ट्रवादीच्या सारंग पाटलांवर निसटते निवडून आले, आणि हेच अरुण लाड राष्ट्रवादीचे बंडखोर म्हणून रिंगणात होते. म्हणजे २०२० चे विजयी उमेदवार २०१४ च्या तक्त्यातही हवेत. फक्त पहिले दोन उमेदवार नोंदवलेत तर या मतदारसंघाचा सगळ्यात बोलका धागा गायब होईल. किमान पहिले चार घ्या.

---

गठ्ठा_पंचवीस :
प्रश्न ३. जिल्हावार मते शोधणं थांबवा, ती नसतातच.

कारण मोजणीच्या पद्धतीत आहे. पाचही जिल्ह्यांच्या मतपेट्या एका ठिकाणी येतात (२०२० ला बालेवाडीच्या क्रीडासंकुलात मोजणी होती). आधी प्रत्येक पेटीतल्या मतपत्रिकांची संख्या मतदान केंद्राच्या हिशोबाशी जुळवतात. मग सगळ्या मतपत्रिका एकमेकांत मिसळतात, २५-२५ चे गठ्ठे करतात आणि टेबलांवर वाटतात. कोणता गठ्ठा इचलकरंजीचा आणि कोणता बारामतीचा हे त्यानंतर कुणालाच सांगता येत नाही. कुठल्या गावाने कुणाला मत दिलं ते कळू नये हाच त्यामागचा हेतू.

केंद्रवार आणि जिल्हावार मिळतं ते फक्त मतदान : किती मतदार, किती जणांनी मत दिलं, पुरुष किती, स्त्रिया किती. कुणी 'कोल्हापुरात अमक्याला इतकी मते' असं छापलं असेल तर तो कार्यकर्त्यांचा अंदाज. तक्त्यात घेऊ नका. स्तंभाचं नाव 'जिल्हावार मतदान' करा.

---

शाईवाला :
प्रश्न ४. २०१४ ला निवडून आलेल्यांची मुदत १९ जुलै २०२० ला संपत होती. चंद्रकांत पाटील ऑक्टोबर २०१९ ला कोथरूडमधून विधानसभेवर गेले, तेव्हा ही जागा रिकामी झाली. पोटनिवडणूक सहा महिन्यांत घ्यावी लागते, पण उरलेली मुदत एक वर्षाहून कमी असेल तर घ्यावी लागत नाही (लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १५१-क). ऑक्टोबर ते जुलै म्हणजे नऊ महिनेच. म्हणून झाली नाही. पुढे जुलैत मुदत संपली तेव्हा करोना. मतदान १ डिसेंबर २०२० ला, मोजणी ३ डिसेंबरपासून.

म्हणजे 'कार्यकाळ' स्तंभात एक ओळ 'रिक्त : ऑक्टोबर २०१९ ते डिसेंबर २०२०' अशी हवी.

उलट उदाहरण नाशिक पदवीधरचं. तिथले भाजपचे प्रताप सोनवणे मे २००९ ला धुळ्यातून लोकसभेवर गेले, मुदत भरपूर शिल्लक होती, म्हणून पोटनिवडणूक झाली आणि डॉ. सुधीर तांबे आले. नाशिकच्या तक्त्यात त्यामुळे एक ओळ जास्त येते. दर सहा वर्षांनी एक ओळ असं गृहीत धरून नुसती वर्षं मांडलीत की फसता.

---

यादी_नवी :
प्रश्न ५ चं उत्तर : मतदारयादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने होते. विधानसभेची यादी चालू राहते, त्यात नावं वाढतात-कमी होतात. पदवीधरांची तशी नसते. मागच्या वेळी नाव होतं म्हणून या वेळी असेलच असं नाही; पुन्हा नमुना १८ भरावा लागतो (शिक्षक मतदारसंघाला नमुना १९). अर्हता दिनांक (पात्रता ज्या तारखेला मोजतात तो) १ नोव्हेंबर, आणि त्या तारखेपूर्वी किमान तीन वर्षं पदवी मिळालेली हवी, शिवाय मतदारसंघात रहिवास. १ नोव्हेंबर २०२५ च्या यादीसाठी म्हणजे पदवी १ नोव्हेंबर २०२२ च्या आधीची.

यातून तक्त्यापुरते दोन निष्कर्ष. मतदारसंख्या म्हणजे पदवीधरांची संख्या नव्हे, नोंदणी करणाऱ्यांची संख्या. कोणत्या उमेदवाराने किती आधीपासून आणि किती जोराने अर्ज भरून घेतले त्याचं ते माप आहे. खरी निवडणूक निम्मी तिथेच होते, असं माझं मत. दुसरं, टक्केवारी घसरली याचा अर्थ उत्साह घसरला असा नसतो. गठ्ठ्याने नोंदणी झाली आणि त्यातले लोक आलेच नाहीत असंही असतं. म्हणून टक्केवारीचा आलेख काढूच नका. नोंदलेले मतदार आणि प्रत्यक्ष मतदान, दोन्ही आकडे शेजारी ठेवा, वाचणारा वाचेल. २०२० ला पुणे पदवीधरला साधारण सव्वाचार लाख नोंदणी आणि अडीच लाखांच्या किंचित आत मतदान होतं.

हद्दीची काळजी नको. २००८ च्या विधानसभा-लोकसभा पुनर्रचनेचा इथे संबंध नाही, आणि पुणे विभागात या काळात जिल्हाही नवा झालेला नाही. अमरावती पदवीधरला वाशिम, नाशिकला नंदुरबार अशी नावं १९९८ पासून दिसतात, पण भूभाग तोच, जिल्हा तेवढा विभागला गेला.

---

गठ्ठा_पंचवीस :
अवैध मतांचा स्तंभ राहिला. या निवडणुकीत तो ठेवलाच पाहिजे, कारण इथे अवैध मते कधीकधी हजारोंनी असतात. पदवीधर असून असं कसं, हा विनोद दर सहा वर्षांनी होतो, पण कारणं साधी आहेत. लोक सवयीने बरोबरची खूण करतात; इथे आकडा १ लिहावा लागतो. १ दोन जणांपुढे लिहितात. १ आणि २ एकाच नावापुढे. १ न लिहिता थेट २ पासून सुरुवात. सही किंवा नाव टाकतात, म्हणजे मतदार ओळखू येतो. केंद्रावर मिळालेल्या जांभळ्या स्केचपेनऐवजी स्वतःचं पेन वापरतात. मतपत्रिकेवर चिन्हंही नसतात, नाव शोधावं लागतं. २०२० ला पुणे पदवीधरला ६२ उमेदवार होते, म्हणजे मतपत्रिका केवढी ते ध्यानात घ्या.

२ लिहिताना चूक झाली तर मात्र पूर्ण मत बाद होत नाही, पहिली पसंती मोजली जाते. दोन नावांपुढे २ असेल तर मत तिथून पुढे सरकत नाही, इतकंच.

कोटा अवैध मते वजा करून निघतो, म्हणून 'झालेलं मतदान भागिले दोन' असा हिशोब केलात तर कोटा नेहमी जास्तच येईल.

---

कोरा_तक्ता :
'पक्ष' स्तंभाचं काय? नाशिकचाही तक्ता पुढे करायचाय आणि तिथे २०२३ ला काय लिहायचं तेच कळेना.

---

शाईवाला :
उमेदवारी अर्जात जे आहे तेच लिहा. नाशिक २०२३ : सत्यजीत तांबे, अपक्ष, ६८,९९९. शुभांगी पाटील, अपक्ष, ३९,५३४. मताधिक्य २९,४६५. काँग्रेसची उमेदवारी वडील डॉ. सुधीर तांबेंना होती, त्यांनी अर्जच भरला नाही आणि मुलाने अपक्ष भरला. शुभांगी पाटलांना महाविकास आघाडीचा पाठिंबा होता, भाजपने उमेदवार दिला नाही. हे सगळं 'टीप' स्तंभात. 'पक्ष' स्तंभात राजकारण घातलंत की एका ओळीला एक निकष आणि दुसऱ्या ओळीला दुसरा होतो. अमरावतीचे बी. टी. देशमुख अनेक वर्षं निवडून येत होते, तेही अपक्ष म्हणून; मागे प्राध्यापकांची संघटना होती. संघटनेला पक्षाच्या रकान्यात बसवू नका.

---

कोरा_तक्ता :
मग १९९०, १९९६, २००२ चे फेरीवार आकडे कुठून मिळवू?

---

नियम_पंच्याहत्तर :
राजपत्रात फक्त निवडून आलेल्याचं नाव येतं, मते नाहीत. तारखा पक्क्या करायला तेवढं पुरतं.

मतांसाठी : पदवीधर मतदारसंघाचे निवडणूक निर्णय अधिकारी विभागीय आयुक्त असतात. म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज पुणे विभागीय आयुक्त कार्यालयाच्या निवडणूक शाखेत, जिल्हाधिकारी कार्यालयात नव्हे. अर्जावर १० रुपयांचं कोर्ट फी मुद्रांक. राज्याच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून दर निवडणुकीला वेगळा अर्ज करा. 'मतदारसंघाचा इतिहास द्यावा' असं लिहिलंत तर अर्ज परत येईल. असं लिहा : 'विधान परिषद पुणे विभाग पदवीधर मतदारसंघ, सन २००२ ची निवडणूक, फेरीनिहाय निकालपत्रकाची प्रत, तसेच एकूण मतदार, झालेले मतदान व अवैध मते दर्शवणाऱ्या गोषवाऱ्याची प्रत.' मतपत्रिका मागू नका. त्या न्यायालयाच्या आदेशाशिवाय उघडत नाहीत आणि मुदत संपली की नष्ट होतात.

कागद सापडले नाहीत असं उत्तर आलं तर जुनी वर्तमानपत्रं. मोजणी रात्रभर चालते, म्हणून निकालाच्या दुसऱ्या दिवशीच्या अंकात अर्धवट फेऱ्यांचे आकडे असतात. तिसऱ्या दिवशीचा अंक बघा. पुण्याबरोबर कोल्हापूर-सांगलीच्या आवृत्त्याही चाळा, तिकडचे उमेदवार असले की फेरीवार तक्ता तिकडेच छापलेला असतो.

---

कोरा_तक्ता :
स्तंभ बदलले : पहिली पसंती, कोटा, शेवटची फेरी, अवैध, नोंदलेले मतदार, झालेलं मतदान, टीप. जिल्हावार मते काढून टाकली. २००२ चा अर्ज उद्या टाकतो, उत्तर आलं की आकडे इथेच लिहीन.