मदत हवी आहे: सायकलने अजिंठ्याची डोंगररांग, कन्नड ते फर्दापूर वरून जावं की खालून?

नमस्कार मंडळी,

दिवाळी झाली की मी आणि माझी अकरावीतली मुलगी सायकलने अजिंठ्याच्या डोंगरांतून फिरणार आहोत. छत्रपती संभाजीनगरहून निघायचं, खुलताबाद, वेरूळ, कन्नड, गौताळ्याचं जंगल, पितळखोरा करत अजिंठ्याच्या लेण्यांपर्यंत पोचायचं. सोबत गाडी नाही, सामान सायकलवरच. दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटरच्या वर जायचं नाही, कारण वाटेत थांबता यावं हाच तर सायकलचा उपयोग.

आम्ही अंबाजोगाईच्या. बालाघाटातले चढउतार सवयीचे आहेत, मुकुंदराजांच्या समाधीकडची दरी तर लेक लहानपणापासून बघतेय. पण अजिंठ्याच्या रांगेचा स्वभाव वेगळा. दक्षिणेकडून ती हळूहळू चढत जाते, तिथलं पाणी शिवना आणि पूर्णेतून गोदावरीकडे येतं. उत्तरेला मात्र कडा एकदम तुटतो, खाली खानदेश लागतो आणि तिकडचे ओढे तापीकडे धावतात. खोल दऱ्या, मोठे धबधबे आणि पितळखोरा, अजिंठ्याची लेणीही या तुटलेल्या काठावरच. म्हणजे कन्नडच्या पुढचा आमचा सगळा प्रवास या काठाकाठानेच होणार, आणि तिथेच माझं अडलंय.

नकाशात दोन वाटा दिसतात. एक वरची: कन्नडहून पिशोर, भराडी, सिल्लोड, मग गोळेगाव, उंडणगाव आणि हळदा घाटाने सोयगावला उतरायचं. दुसरी खालची: कन्नडहून गौताळा अभयारण्यातून नागदला उतरायचं आणि डोंगराच्या पायथ्याने बनोटी, सोयगाव, फर्दापूर. यातली कोणती धरू? मला खालची खुणावते, कारण उजव्या हाताला सतत कडा दिसत राहील. पण अभयारण्यातून सायकलने जाताना जनावरांची भीती किती आणि उतार सामानासकट झेपेल का, ही काळजी आहे.

सायकली दोन्ही हायब्रिड. पुढे ४८-३८-२८ दातांच्या तीन चकत्या, मागे सात गिअर, सगळ्यात मोठी चकती २८ दातांची. व्ही-ब्रेक, म्हणजे चाकाची रिम दोन्ही बाजूंनी धरणारे. टायर ३५ मिलिमीटरचे. मागच्या कॅरिअरवर दोन्ही बाजूंना पिशव्या. एवढ्यावर घाट चढतील का?

आणि एक. मराठवाडा म्हटलं की दुष्काळ आणि टँकर, हे माझ्या मुलीने इतक्या वेळा ऐकलंय की तिलाही तेच खरं वाटायला लागलंय. आपल्याकडे एवढं जंगल आहे, अशा दऱ्या आहेत, हे तिने पॅडल मारत, घाम गाळत बघावं असं मनापासून वाटतं. म्हणून 'गाडी करून जा' हा सल्ला कृपया नको.

---

कन्नडकर

ताई, खालचीच वाट धरा. मी याच भागात वाढलोय म्हणून ठामपणे सांगतो. वरची वाट शेतीची आहे. मका, कपाशी, सिल्लोडकडे मिरची. वाईट नाही, पण दरी कुठेच नजरेला पडत नाही. शिवाय दिवाळीनंतर शेतकरी अर्ध्या रस्त्यावर मका वाळत घालतात. दाण्यांवरून चाक गेलं की सायकल हमखास घसरते. ऊसतोडही सुरू झालेली असते. ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या आणि बऱ्याचदा मागे दिवा नाही. अंधार पडल्यावर या रस्त्यांवर राहूच नका.

गौताळ्याचं सांगायचं तर हे अभयारण्य १९८६ चं, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं, थोडं संभाजीनगर जिल्ह्यात आणि थोडं जळगावात. बिबटे आहेत, अस्वलं आहेत. २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आलेला एक वाघसुद्धा इथल्या कॅमेऱ्यात टिपला गेला. त्याने घाबरू नका, पण वेळेचं भान ठेवा. उन्हं चांगली वर आली की आत शिरायचं आणि दुपार कलायच्या आत नागदला उतरायचं. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून, सायकलने पलीकडे जातोय असं सांगून ठेवा. आत तंबू लावायचा विचार असेल तर आत्ताच सोडा.

कन्नडला एक मुक्काम वाढवा. सामान लॉजवर ठेवून मोकळ्या सायकलने पितळखोऱ्याला जाऊन या. लेणी दरीत आहेत, पायऱ्या उतरून जावं लागतं, सायकली वरच राहतात. ही लेणी इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकात खोदायला सुरुवात झाली, म्हणजे वेरूळच्या कितीतरी आधी. इथे सापडलेला यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर कोरलंय की तो कन्हदास नावाच्या सोनाराने घडवला. सोनाराने दगडात काम केलंय हे मुलीला आधी सांगा, मग ती तिथलं उरलेलं कोरीवकाम वेगळ्या नजरेने बघेल. दरीत आग्या मोहोळं असतात, तेव्हा उग्र अत्तर नको आणि धूर, आरडाओरडा अजिबात नको.

चाळीसगावच्या बाजूला औट्रम घाटात, म्हणजे कन्नड घाटात, शिरू नका. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठाच्या आदेशाने तिथे अवजड वाहनांना बंदी झाली, तरी तो राष्ट्रीय महामार्ग आहे आणि सामान लादलेल्या सायकलला कडेची जागा पुरत नाही. २०२१ च्या ऑगस्टअखेरच्या पावसात याच घाटात दरडी कोसळल्या होत्या. उशिराचा पाऊस झाला तर कुठल्याही घाटात शिरण्याआधी गावात विचारून घ्या.

---

घाटवाट

गिअरबद्दल. पुढे २८ आणि मागे २८ म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात चाकाचीही एकच फेरी. मोकळ्या सायकलला ते चालतं, पण बारा-पंधरा किलो लादून घाट चढताना गुडघे बोलायला लागतात. मागचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बदलून १४ ते ३४ दातांचं टाका. दुकानदाराला एवढं बघायला सांगा की मागच्या डिरेल्युरचा (गिअर बदलताना साखळी सरकवणाऱ्या भागाचा) पिंजरा लांब आहे ना. आखूड असेल तर ३४ ची चकती पेलणार नाही. साखळीही एक-दोन कड्यांनी वाढवावी लागेल. हे काम निघायच्या आदल्या दिवशी करू नका. नवं बसवल्यावर अंबाजोगाईच्याच चढांवर सामान लादून चालवून बघा.

उताराला माझ्या मते चढापेक्षा जास्त तयारी लागते. व्ही-ब्रेक धरून ठेवला की रिम तापते. सलग दाबू नका. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात मारून वेग तोडा, मग सोडा. नागदला उतरताना मधे दोनदा थांबून रिमला हात लावून बघा, चटका बसला तर थांबा. ब्रेकपॅड नवे घाला आणि जुने चांगले असतील तर जवळ ठेवा.

पंक्चर होणारच. वेडी बाभूळ आणि सराटा दोन्ही आहेत आपल्याकडे. ट्यूबमध्ये सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रव) भरून घ्या, दोन जादा ट्यूब आणि पंप. विश्रांतीसाठी सायकल बांधावर ढकलू नका, डांबरावरच स्टँडवर लावा. काळी माती ओली असेल तर मडगार्डमध्ये अशी भरते की चाक फिरतच नाही.

---

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही खूप आभार. फ्रीव्हीलचं काम याच आठवड्यात करून घेते.

आता पुढचं. लेणी दोन्ही बघायची आहेत, आणि वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. हे धरून बुधवारी किंवा गुरुवारी वेरूळ केलं तर अजिंठा सोमवारच्या आत गाठता येईल का? फर्दापूरच्या टी पॉइंटवर गाड्या थांबवून पुढे बसने नेतात, तर सामान लादलेल्या सायकली दिवसभर कुठे ठेवायच्या? आणि परतीचा चढ कुठून घेऊ? अजिंठा घाटाचा रस्ता जळगावच्या वाहतुकीचा आहे.

---

पायथ्याची

ताई, मी सोयगाव तालुक्यातली. तुमच्या लेकीसाठी खूप आनंद झाला. आमच्याकडे शाळेत जाणाऱ्या पोरी सायकलवर दिसतात, पण आई-लेक मिळून घाट चढताहेत असं कोणी पाहिलेलं नाही.

बुधवारी वेरूळ, गुरुवारी कन्नड आणि मुक्काम, शुक्रवारी पितळखोरा, शनिवारी गौताळ्यातून नागद आणि पुढे बनोटी, रविवारी सोयगावावरून फर्दापूर. मग सोमवार आडवा येतो. तो दिवस फर्दापूरला अंग मोकळं करण्यात घालवा आणि मंगळवारी सकाळी पहिल्या बसने लेण्यांत जा. रविवारी दुपारी पळत पळत बघण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं. रविवारी तिथे गर्दीही फार. सायकली टी पॉइंटवर नेऊच नका, फर्दापूरला जिथे उतराल तिथेच खोलीत किंवा जिन्याखाली ठेवा.

बनोटीला अमृतेश्वराचं मंदिर आहे. मुक्कामाची सोय आधी ग्रामपंचायतीत फोन करून विचारा. दोघी बायका येताहेत म्हटल्यावर कोणाच्या ना कोणाच्या घरी जागा होतेच. जवळ धारकुंडाचा धबधबा आहे. तोवर धार बारीक झालेली असेल, तरी कुंड बघण्यासारखं. नागद ते सोयगाव हॉटेलं कमी, चहा-भजी मिळतील, जेवण सांगून ठेवावं लागेल. धपाटे बरोबर घ्या, दोन दिवस टिकतात. माणशी तीन लिटर पाणी कायम भरलेलं असू द्या.

परतीला अजिंठा घाट नको. फर्दापूरहून पुन्हा सोयगावला या आणि हळदा घाट चढा. चढ खडा आहे, मधे उतरून सायकल ढकलायला काही लाज नाही. पण घाटातच वेताळवाडीचा किल्ला आहे, आणि वर पोचल्यावर मागे वळून पाहिलं की तुम्ही ज्या पायथ्याने आलात तो सगळा पट्टा दिसतो. वर उंडणगाव, गोळेगाव आणि मग सिल्लोड. सोयगाव सकाळी लवकर सोडा, घाटात दुपारी सावली नसते.

---

मूळ प्रश्नकर्ती

ठरलं. खालूनच जाणार आणि हळद्याने वर येणार. लेकीने तुमचा प्रतिसाद वाचून लगेच वेताळवाडीच्या किल्ल्यासाठी एक अख्खा दिवस वाढवायला लावलाय, म्हणून सोयगावलाही मुक्काम करू.

आता एकच राहिलं. सिल्लोडहून सायकली अंबाजोगाईपर्यंत एसटीच्या टपावरून न्यायच्या आहेत. अलीकडे असं कोणी केलं असेल तर सांगा: टपावर चढवायला डेपोत आधी बोलावं लागतं की वाहक तिथल्या तिथे तिकीट फाडतो, आणि डिरेल्युर वाकू नये म्हणून सायकल कुठल्या कुशीवर आडवी करता?