डावा हात अधू असताना वुडकट: द्युला देरकोविचबद्दल विचारायचंय

पटाशी_वडोदरा:
नमस्कार. मी दांडिया बाजारात राहते. बाबांचं सुतारकामाचं दुकान, त्यामुळे पटाशी लहानपणापासून हातात. गेल्या दिवाळीत स्कूटरवरून पडले आणि डाव्या खांद्याची नस दुखावली. तेव्हापासून वुडकट, म्हणजे लाकडी फळी कोरून तिच्यावरून चित्र छापणं, बंद आहे. उजव्या तळव्याने दांडा ढकलता येतो, पण पात्याला वळण देतात ती डावी बोटं, आणि फळी दाबून धरतो तोही डावाच हात.

अशात हंगेरियन चित्रकार द्युला देरकोविच सापडला. जन्म सोम्बातहेयचा, 1894. वडिलांच्या हाताखाली सुतारकाम शिकला. पहिल्या महायुद्धात जखमी झाला, डावा हात लुळा पडला आणि वर क्षय. तरीही 1928-29 मध्ये त्याने ‘1514’ ही अख्खी वुडकटची मालिका केली! त्यातलं बुरुजावरच्या दोझाचं, म्हणजे शेतकरी बंडाच्या पुढाऱ्याचं, चित्र मी रात्री दोनदा उठून बघितलं. कुणाला या कामाची पद्धत माहीत असेल तर सांगा.

रावपुऱ्याचा_काका:
बेटा, चाळीस वर्षं छापचित्रं करतोय, म्हणून सांगतो. जाड प्लायच्या तुकड्यावर तुझ्यापासून लांबच्या आणि डाव्या कडेला काटकोनात दोन पट्ट्या ठोक आणि तो तुकडा शिकंज्याने टेबलाला पक्का कर. फळी त्या कोपऱ्यात बसव. तू जितकं जोर लावून ढकलशील तितकी ती कोपऱ्यात रुतेल, धरायची गरजच नाही. वळण हवं तेव्हा हात वळवू नकोस, फळी सोडवून फिरवून पुन्हा बसव. दांडा आखूड आणि गोल घे, तळव्यात मावणारा. तर्जनी पात्यावर ठेव. आणि धार! बोथट पातं घसरतं, आणि तुझ्याकडे ते अडवायला दुसरा हात नाही. दर थोड्या वेळाने चामड्यावर घासत जा.

देरकोविचचे ठसे बघ, काळा-पांढरा थेट समोरासमोर, रेघा रुंद आणि ताठ. नाजूक रेघांच्या जाळीच्या मागे लागू नकोस तूही.

इतिहासवाला:
मालिकेचं नाव का 1514, ते सांगतो. त्या वर्षी हंगेरीत तुर्कांविरुद्धच्या धर्मयुद्धासाठी शेतकरी गोळा केले होते, ते सरदारांवरच उलटले. पुढारी ग्यॉर्ज दोझा. तेमेश्वारला (आजचं रोमानियातलं तिमिशोआरा) त्याला तापलेल्या लोखंडी सिंहासनावर बसवून, डोक्यावर तापलेला मुकुट ठेवून मारलं. देरकोविच स्वतः उपासमारीत जगला. 1934 मध्ये बुडापेस्टला चाळिशीत गेला, आणि हंगेरीचा सरकारी कोशुथ पुरस्कार मिळाला मरणानंतर, 1948 मध्ये. अशा माणसाने हाच विषय निवडावा यात मला नवल वाटत नाही. मला तर त्याची रंगचित्रंही या ठशांइतकीच प्रिय आहेत. ‘तीन पिढ्या’ (1932) बघाच.

पटाशी_वडोदरा:
काका, पट्ट्या ठोकल्या. बाबांनी सागाच्याच दिल्या, म्हणाले, प्लायला काय विचारतेस. आज पहिली रेघ काढली, साधारण वीतभर. एकदाही घसरली नाही. मध्येच गाठ आली, तिथे जरा अडकली, तेवढंच. उद्या शाई लावते.