पहिल्याच वर्षी गाय घ्यावी का?
शहर सोडून सासरच्या शेतावर आल्यावर पहिल्याच वर्षी गाय घ्यावी का, हा आपला प्रश्न मला फार जवळचा वाटला, कारण ठाण्याहून सांगली जिल्ह्यात राहायला आल्यावर मीही हाच विचार करीत होते. माझे मत असे की, आधी वर्षभर सासूबाईंच्या हाताखाली धार काढायला शिकावे आणि मगच स्वतःच्या जबाबदारीवर गाय घ्यावी. गाय सुमारे 280 दिवस गाभण असते आणि विण्यापूर्वी दोन महिने तिला आटवावे, म्हणजे धार काढणे बंद करावे, लागते, त्यामुळे बारमाही दूध गृहीत धरून घरखर्च आखू नये.

चाऱ्याची जाण त्याहून महत्त्वाची आहे. पाण्याच्या ताणातली कोवळी ज्वारी किंवा कापणीनंतर बुडख्यातून आलेले हिरवे फुटवे जनावराने खाल्ले, तर त्यातील विषाने ते थोड्याच वेळात दगावू शकते. हे सासूबाईंनी मला बांधावर उभे राहून दाखवले, तोवर मला सगळा हिरवा चारा सारखाच वाटत असे.

घरातले दुधाचे काम, म्हणजे साय धरणे, विरजण लावणे, लोणी काढून तूप कढवणे, हाताला लवकर वळण लावते. थंडीत मात्र विरजणाचे भांडे चुलीजवळच्या उबेला ठेवावे.

आपल्याकडे पाणी किती आहे आणि कडबा कुठे साठवता येईल, हे कळवलेत, तर खिलार ही मुख्यतः ओढकामाची, कमी दूध देणारी देशी गाय घ्यावी की संकरित, याविषयी अधिक नेमके लिहिता येईल. दुधासाठीच गाय हवी असेल, तर खिलार मी सुचवणार नाही.