वुल्व्ज इन द थ्रोन रूम: 'सेलेस्टाइट'मधून ड्रम काढून काय मिळवलं?

गोदाकाठ_नांदेड
आमच्या इकडं मेटल ऐकणारेच कमी, त्यात पण बहुतेक मेडन-मेटालिकावाले, म्हणून इथं विचारायलोय. सध्या या अमेरिकन ब्लॅक मेटल बँडचे सगळे अल्बम ओळीनं ऐकायलोय. 2006 चा 'डायडेम ऑफ 12 स्टार्स', 2007 चा 'टू हंटर्स', मग 'ब्लॅक कॅस्केड' 2009, 'सिलेस्टियल लिनिएज' 2011, इथपर्यंत धागा लागतो. अन मग 2014 ला 'सेलेस्टाइट', त्यात ना ड्रम ना किंचाळी, सगळा सिंथच (सिंथेसायझर). 2017 ला 'थ्राइस वोव्हन'मधे ब्लास्ट बीट, म्हणजे ड्रमचा तो अतिवेगवान सलग मारा, परत हजर. मधलं हे काय होतं? आणि 'प्रायमॉर्डियल आर्काना'त (2021) गाणी एवढी छोटी काहून झाली? जुनी गाणी लै आवडतात म्हणून जीव तुटतो राव.

बालाघाट_ड्रोन
भाऊ, 'सेलेस्टाइट' सुटा ऐकू नका, तो 'सिलेस्टियल लिनिएज'चा जोड अल्बम आहे, आधी तो लावा आणि संपला की लगेच हा.
दुसरं म्हणजे सिंथ काय अचानक आला नाही. 'टू हंटर्स'मधलं 'क्लेन्सिंग' कसं सुरू होतं बघा, पाहुणी गायिका जेसिका केनीचा आवाज, खाली लांबलेला सूर, वादळ येतं ते बऱ्याच वेळानं. ट्रेमोलो पिकिंगमधे गिटारीवर एकच सूर इतक्या वेगात छेडतात की ठोके सुटे ऐकूच येत नाहीत, सलग धार लागते, त्यावर रिव्हर्ब (घुमणारा आवाज) चढवला की गिटार कुठं संपली अन कीबोर्ड कुठं सुरू झाला ते कळत नाही. म्हणजे गिटारीकडनं ते पहिल्यापासून सिंथचंच काम करून घ्यायलेत! 'सेलेस्टाइट'मधे वरचा थर काढला आणि खालचा मोठा केला. हेडफोन लावून ऐका, हॉर्न, ट्रॉम्बोन, बासरी पण आहे, थोडी गिटार पण आहे. मोबाइलच्या स्पीकरवर यातलं निम्मं मरतं.

तुळजापूर_रिफ
मला नाही पटत. खालचा थर चांगला आहे हे मान्य, पण तो वेगाच्या खाली असला तरच त्याला वजन येतं. आमच्याकडं गोंधळात संबळ चढत्या लयीला गेला की हात पळतेत पण ऐकणारा आतून एका जागी थांबतो. यांचा ड्रमर ॲरन विव्हरच्या ब्लास्ट बीटनं माझं तेच होतं. ड्रम काढले की ते थांबणंच गेलं, मग राहिलं काय, नुसतं वातावरण. म्हणून मला 'ब्लॅक कॅस्केड' सगळ्यात जवळचा, चार लांब गाणी, बायकी आवाज नाही, सजावट कमी, बँड समोर उभा राहून वाजवायलाय असं वाटतं.

जालना_रात्रपाळी
छोट्या गाण्यांबद्दल सांगतो. 'टू हंटर्स'पासून 'थ्राइस वोव्हन'पर्यंत निर्माता रँडल डन सोबत होता. 'प्रायमॉर्डियल आर्काना' पहिल्यांदा सगळा यांनी स्वतःच्या आउल लॉज स्टुडिओत केला, रेकॉर्डिंग, मिक्सिंग सगळं, आणि ॲरन आणि नेथन विव्हर या दोघा भावांसोबत गिटारवाला कोडी कीवर्थ रचनेत पण आहे. माझ्या मते घरचा स्टुडिओ असला की माणूस एकेका तुकड्यावर जास्त बसतो, घंटा, पाणी, सिंथ, सगळं नीट मांडतो आणि मग पंधरा मिनिटं ताणायची गरज पडत नाही. 'मास्टर्स ऑफ रेन अँड स्टॉर्म' तरी दहा मिनिटांच्या वर आहेच, ते ऐकलंत का? त्यात सिंथ आणि ब्लास्ट एकाच वेळी आहेत, कोण कुणाच्या खाली हा प्रश्नच येत नाही. तुळजापूरवाल्या भाऊंनी पण ऐकावं.

गोदाकाठ_नांदेड
बालाघाट भाऊ, दोन्ही लागोपाठ ऐकले. 'सेलेस्टाइट' आता पूर्ण ऐकवला, आधी मधेच बंद करायचो. ते हॉर्न लै भारी आहेत. पण तरी ड्रमची वाट बघतच होतो, तिथं मी तुळजापूरच्या बाजूनं. 'मास्टर्स' रात्री लावतो, मग लिहितो.